मागच्या पानावरून

बोरखेडीच्या दूध संकलन केंद्रात
रोज पहाटे साडेपाचला मी काटा लावतो.
लिटर, फॅट, डिग्री.
कोणाच्या कॅनमध्ये रात्री विहीर उतरली
ते लॅक्टोमीटर मला न बोलता सांगतो.
माणसाच्या पोटात बुडवायला
तसली काचेची नळी नाही.

दोन वर्षं पोट असं वाजायचं
की ग्रामसभेत शेजारचा माणूस
माझ्याकडे न बघता खुर्ची जराशी सरकवायचा.
एसटीत चढण्याआधी मी कंडक्टरला विचारायचो,
तळेगावला गाडी किती वेळ थांबते?
ओवा झाला, बेंबीभोवती हिंग झालं,
आईने मीठ-मोहरी उतरवून चुलीत टाकली,
पुलगावच्या एकाने जंतांचं औषध दिलं.
जंत असतील तर मेले असतील. पोट तसंच.

आर्वीच्या दवाखान्यात लांजेवार मॅडमनी
टरबूज पाहतात तसं पोट वाजवून पाहिलं,
रक्त तपासलं, म्हणाल्या, रक्तात काही नाही.
"वही घाला. काय खाल्लं, किती वाजता, मग काय झालं.
एकेक जिन्नस पंधरा दिवस बंद करा.
सगळं एकदम सोडाल
तर चोर कोण ते कळणारच नाही."

वही कुठली आणायची?
संकलनाचंच रजिस्टर उलटं केलं.
पुढून गावाचं दूध, मागून माझं पोट.

मंगळवार. भाकर, अंबाडीची भाजी, ठेचा. दुपारपर्यंत शांत.
बुधवार. स्टँडवर तर्री-पोहा. आग झाली, पण ती ओळखीची आग.
शुक्रवार. काहीच खाल्लं नाही, तरी मुरडा. (चहा लिहायचा राहिला.)
रविवार. देवमनच्या पोरीचं लग्न. वांगं, वरण, बुंदी, कढी,
पुन्हा बुंदी. नोंद बाद.

आधी तुरीला धरलं. तूर निर्दोष सुटली.
मग गहू.
नवव्या दिवशी कांचन वहीत डोकावली,
"गव्हावर कायले आळ घेता?
सकाळी धारेचं गिलासभर पेता,
ते तं लिवलंच नाई."

नव्हतं लिहिलं.
श्वास घेतला, हे कोणी लिहितं का?
आम्ही गवळी. बाबा शपथ घेतात तीही दुधाची.
दारच्या पाच गवळाऊ गाई
माझ्या पायांचा आवाज ओळखतात.

पंधरा दिवस दूध बंद, चहा कोरा.
सातव्या रात्री पोट इतकं गप्प झालं
की उठून मी त्यावर हात ठेवून पाहिला.

सोळाव्या दिवशी, मॅडमनी सांगितल्याप्रमाणे,
खात्रीसाठी पुन्हा एक गिलास.
पिताना म्हणत होतो, हे नसू दे. मिरची असू दे.
सव्वासातला, रांगेत आठ कॅन उभे असताना,
पुंजारामला म्हणालो, काटा पाहा जरा,
आणि पळालो.

दही मात्र चाललं. मही तर दोन दोन गिलास.
विरजण रात्रभर माझ्या वाटचं कुठलं काम उरकतं
ते मॅडमनी समजावलं, मला अर्धं कळलं.

बाबांना सांगायला तीन दिवस लागले.
ते तांबूच्या कानामागचे गोचीड काढत होते.
बराच वेळ बोलले नाहीत.
एक गोचीड टाचेखाली चिरडला, म्हणाले,
"तुह्या आज्यालेबी पचे नाई.
गवळ्याच्या घरात बोलाचं कसं?
म्हून तो गिलास घेऊन कोठ्यात जाये
अन् मांजरीले पाजे."
आणि पुन्हा कानामागे बोटं घातली.

आज: कोरा चहा, भाकर, मही. शांत.
पलीकडून: एकशे बारा लिटर, फॅट चार पूर्णांक एक.
दोन्हीकडून लिहीत आलो,
मध्ये साताठ कोरी पानं उरली आहेत.
महिनाअखेर तालुक्याचा सुपरवायझर तपासायला येईल.
त्याला काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.